गप्प झाली की बघा

इंग्लंडातल्या शाळांना मोठी सुट्टी लागते ती जुलैच्या अखेरीस, सहा आठवड्यांची. अधेमधे शाळा बुडवून मुलांना गावी आणलं तर आईबापांना दंड होऊ शकतो. त्यामुळे आमचं सांगलीला येणं नेहमी ऐन पावसाळ्यात होतं. कृष्णा दुथडी भरलेली असते, गावभागात जो तो आयर्विन पुलाजवळची पातळी विचारत असतो आणि माळ्यावर काय काय चढवायचं याची सासूबाईंनी मनातल्या मनात यादी करायला घेतलेली असते.

अशाच एका संध्याकाळी शेजारच्या गल्लीतली एक मुलगी भेटायला आली. तिच्या नवऱ्याला तिकडे नोकरी लागली आहे, इंजिनिअर आहे तो. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. हातात दोनशे पानी वही, एका पानावर मथळा ‘शाळा’ आणि दुसऱ्यावर ‘दवाखाना’. म्हणाली, “ताई, या दोनचं तेवढं सांगा. बाकीचं आम्ही करतो.”

मी दीड तास बोलले, तिनं पानंच्या पानं लिहून घेतली. ती गेल्यावर जेवायला बसले आणि लक्षात आलं, सगळ्यात महत्त्वाचं तेच सांगायचं राहिलं. ते ‘शाळा’तही बसत नव्हतं आणि ‘दवाखाना’तही, म्हणून राहिलं असावं.

मी नर्स. शिक्षण मिरजेत, नंतरची बारा वर्षं नोकरीही मिरजेतच. मिरजेला डॉक्टरांचं गाव म्हणतात ते उगाच नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं, आणि तेव्हापासून पार कर्नाटकातून पेशंट मिरजेच्या स्टेशनवर उतरत आले आहेत. अशा गावात दिवस काढलेल्या बाईला दवाखान्याची कसली धास्ती, असं मलाही वाटायचं. २०२३ च्या मार्चमध्ये मी एकटी पुढे गेले, लीड्सजवळच्या एका गावात. आमच्यातल्या बऱ्याच जणी अशाच जातात. आधी आपण जायचं, परीक्षा द्यायची, नोंदणी मिळवायची, घर बघायचं, आणि मग मुलांना बोलवायचं. माझी मुलं ह्यांच्याबरोबर २०२४ च्या जानेवारीत आली. थोरली साडेसात वर्षांची, धाकट्याला पाच पूर्ण व्हायला महिना कमी.

थोरलीला बाळदमा आहे. हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळे.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या खोल्यांत छातीइतकं पाणी होतं. सहा महिन्यांचा धाकटा, तीन वर्षांची थोरली आणि दोन पिशव्या एवढं घेऊन आम्ही मिरजेला नणंदेकडे गेलो होतो. पाणी ओसरल्यावर येऊन बघतो तर कपाटातली फाइल फुगून वीट झालेली. थोरलीच्या लसीच्या कार्डावर निळ्या शाईचा नुसता ओघळ. कुठल्या तारखेला काय दिलं, काही वाचता येईना. तेव्हा त्याचं कुणाला काय पडलं होतं? घरातला चिखल काढायचा होता. कार्ड वाळवून मी परत फाइलीत ठेवून दिलं.

निघायच्या आधी महिनाभर मी कागद गोळा करायला बसले, तेव्हा ते कार्ड पुन्हा हातात आलं. ते घेऊन आमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांचा दवाखाना वरच्या मजल्यावर, त्यामुळे त्यांची रजिस्टरं पुरातून वाचली होती. शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी स्टुलावर चढून २०१६ चं रजिस्टर काढलं, लांबट, लाल कापडी पाठीचं. जूनमधली ना ही, असं पुटपुटत बोटानं ओळी धुंडाळत गेले. बीसीजी, पोलिओ, पेंटाव्हॅलंट, नवव्या महिन्यातली, पंधराव्या महिन्यातली. ते तारखा वाचत होते, मी लिहीत होते. मध्येच थांबून म्हणाले, “हिला धूळ चालत नाही. दिवाळीच्या साफसफाईत हिला आजोळी पाठवत जा म्हणून तुला सांगितलं होतं.”

मी तेही लिहून घेतलं.

“हे कशाला लिहितेस?” त्यांनी विचारलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नाही, लिही. तिकडं मी नसणार.” त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीत, सगळं पहिल्यापासून लिहून काढलं. दमा कशानं उठतो, रात्री किती वाजता वाढतो, कुठल्या औषधानं उलटी होते, पुराच्या आठवड्यात किती वेळा वाफ द्यावी लागली. औषधांची नावं त्यांनी कंपनीची लिहिली नाहीत, मूळ औषधाची लिहिली. दम्यावरचं साल्बुटामॉल इथंही साल्बुटामॉल आणि ब्रिटनमध्येही साल्बुटामॉलच. बाटलीवरचं आपलं नेहमीचं नाव मात्र तिकडच्या फार्मसीत ओळखीचं असेलच असं नाही. ही एक गोष्ट प्रत्येक आईनं निघण्यापूर्वी करून घ्यावी.

घरी येताना डोक्यात तेच एक घोळत होतं. सांगलीत आपल्या पोराची फाइल अशी नसतेच. ती माणसांच्या डोक्यात असते. डॉक्टरांना ठाऊक असतं, मेडिकलवाल्या दादांना ठाऊक असतं की कुठलं सिरप हिच्या पोटात ठरत नाही, आजीला श्वासाच्या आवाजावरून कळतं की आज रात्र जागवणार. कुणाला काही लिहून ठेवावं लागत नाही. परदेशी जाताना आपण मुलाला या सगळ्यांपासून उचलून अशा ठिकाणी नेतो, जिथे कागदावर असेल तेवढंच खरं.

आता त्या मुलीला जे सांगितलं ते थोडक्यात सांगते, कारण तेही लागतंच.

लसींचं आधी. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. तिकडे वर्षाच्या आत दिलेला डोस धरत नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली, त्यात थोरलीला आणखी एक सुई मिळाली होती. पण तिकडच्या लसीत असतो तो गालगुंडाचा भाग त्या लसीत नव्हता, आणि त्या मोहिमेचं कार्डही पुरात गेलं. शेवटी तिकडच्या नर्सनं पंधराव्या महिन्यातला डोस पहिला धरला आणि वर एक दिला. यात घाबरण्यासारखं काही नाही, एखादा डोस जास्त झाला म्हणून मुलाला अपाय होत नाही. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, तिकडे आता सरसकट देत नाहीत, त्यामुळे त्या नर्सनं थोरलीची बाही वर करून डाव्या दंडावरचा तो मसुराएवढा व्रण जवळून बघितला आणि तशी नोंद केली. आपल्या पोरांच्या अंगावर जन्मापासून एक कागद गोंदलेला असतो, असं मला त्या वेळी वाटून गेलं.

भारतातून सहा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीसाठी ब्रिटनला जायचं तर क्षयरोगाची तपासणी लागते, आणि ती त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रातच. ह्यांनी मुलांना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रीत मुंबईला नेलं. अकरा वर्षांखालच्या मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, डॉक्टर तपासून प्रश्न विचारतात. थोरलीच्या खोकल्याबद्दल खोदून विचारलं गेलं, तेव्हा आमच्या डॉक्टरांचा कागद पहिल्यांदा कामी आला.

पैशांचं म्हणाल तर आरोग्यसेवेतल्या व्हिसावर जाणाऱ्यांना तिकडचा आरोग्य अधिभार माफ असतो. शेजारच्या मुलीचा नवरा इंजिनिअर, त्यांना तो भरावा लागणार. मोठ्यांना वर्षाला १,०३५ पौंड आणि अठराच्या आतल्या मुलांना ७७६, तोही व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम. चौघांचे तीन वर्षांचे १०,८६६ पौंड होतात, म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. तिचा चेहरा उतरला. “एवढे भरले म्हणजे डॉक्टर तरी लगेच भेटत असतील?” तिनं विचारलं.

भेटत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगितलं. तिकडे पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरकडे, सगळ्यांची नावं नोंदवायची. नोंदणीला पत्त्याचा पुरावा नसला तरी नियमानं अडवता येत नाही. मुलांचं औषध फुकट असतं, इंग्लंडात सोळा वर्षांखाली चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे पडत नाहीत. अठराखाली दातांचे उपचारही फुकट, पण नवीन पेशंट घेणारा सरकारी दातांचा डॉक्टर सापडणं महाकठीण, म्हणून किडलेले दात इथेच दाखवून घ्यावेत. आणि पोराला ताप आला की सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, रांगेत थांबायचं. इथं रात्री नऊलाही दवाखान्याचा जिना चढता येतो. तिकडे पहिल्या दिवशी बहुधा पाणी पाजा, पॅरासिटामॉल द्या, एवढंच सांगतात. अँटिबायोटिक मागून मिळत नाही, आणि नर्स म्हणून सांगते, ते योग्यच आहे. मात्र धोक्याची लक्षणं ओळखायला ते आईबापांना शिकवतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा ग्लास त्यावर दाबून बघायचा. काचेतूनही ठिपके तसेच दिसले, फिके झाले नाहीत, तर थांबायचं नाही, थेट ९९९ या तिकडच्या तातडीच्या नंबरला फोन. हे मी सासूबाईंनाही शिकवलं आहे. आणि पोर अगदी मलूल दिसत असेल तर ठिपक्यांचीही वाट बघायची नाही.

शाळेचं वेगळंच प्रकरण. सरकारी शाळेला फी नाही, पण शाळा आपण सरळ निवडत नाही. वर्षाच्या मधे आलेल्या मुलासाठी आधी पत्ता लागतो, मग तिथल्या काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या कचेरीकडे, किंवा शाळेकडे अर्ज, मग जागा असेल तिथे प्रवेश. घर शोधतानाच आसपासच्या शाळांत जागा आहे का, हे फोन करून विचारावं. मी घर बघितलं ते माझ्या ड्यूटीच्या सोयीनं, आणि त्याची किंमत धाकट्यानं मोजली. तिकडे पहिल्या तीन इयत्तांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे. घराजवळच्या शाळेत थोरलीला जागा मिळाली, धाकट्याच्या वर्गात तीस भरलेले. दुसरी शाळा मिळायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत मी किती फोन केले त्याला गणती नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा. रोज सकाळी ताईला सोडायला फाटकापर्यंत यायचा आणि आत जाता येत नाही म्हणून पोर रडायचं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इयत्ता तिकडे वयावर ठरते, आधी काय शिकलंय यावर नाही. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या काळात जन्मलेली सगळी एका वर्गात. त्यामुळे इथे दुसरीत असलेली थोरली तिकडे थेट तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसली. शाळा सोडल्याचा दाखला आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी यासाठी ह्यांनी किती खेटे घातले, तिकडे तो कुणी मागितलाही नाही. तरी तो घ्यावा आणि जपून ठेवावा, परत आलो तर लागतो.

आणि डबा. पहिल्या सोमवारी सासूबाईंनी धाडलेलं भडंग मी हौसेनं थोरलीच्या डब्यात दिलं. संध्याकाळी डबा तसाच परत, सोबत चिठ्ठी. दाणे शाळेत चालत नाहीत. कुणा मुलाला दाण्यांची ॲलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते. भडंग नाही, दाण्याची चटणी नाही, कूट घातलेली काकडीची कोशिंबीर नाही. आपल्या स्वयंपाकातून दाणे काढले तर उरतं काय, असा प्रश्न मला खरोखर पडला. पण दुसऱ्याचं पोर श्वासासाठी तडफडताना कसं दिसतं, ते मला माहीत आहे. मी मुकाट्यानं पोळीभाजी आणि तीळ न घातलेली चटणी द्यायला लागले, कारण तिळाचीही ॲलर्जी असते.

हे सगळं शेजारच्या मुलीच्या वहीत गेलं. राहिलं ते थोरलीच्या बाईंचं.

थोरली मराठी शाळेत होती, चाळीस मुलांच्या वर्गात. मी पुढे निघण्याआधी तिच्या बाईंना भेटायला गेले, ते खरं तर निरोप घ्यायला. डॉक्टरांचा कागद ताजा होता, म्हणून सहज म्हणाले, “बाई, तुम्हीपण हिच्याबद्दल काही लिहून द्या ना. तिकडच्या शाळेला दाखवीन.”

“मी काय लिहू? मला तसलं इंग्रजी कुठं येतंय?”

“मराठीतच लिहा. इंग्रजी मी करीन.”

दुसऱ्या दिवशी थोरलीच्या दप्तरात एक घडी घातलेला कागद आला. बाईंनी चौरेघी वहीच्या पानावर, फळ्यावर लिहितात तशा वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

‘डाव्या हाताने लिहिते, तो बदलू नये. वाचन चांगले, जोडाक्षरे येतात. वजाबाकीत हातचा विसरते. चित्र काढायला दिले की खुलते. रागावलेले मनाला लावून घेते. दम लागला तर सांगत नाही, गप्प होते. एरवी गप्प असली तर डोळे सगळीकडे फिरत असतात. दम लागलेला असेल तर जमिनीकडे बघते व खांदे वर घेते. गप्प झाली की बघा.’

मी आई, वर नर्स. दम्याची मुलं रोज हाताळणारी. माझी मुलगी गप्प होते हे मला माहीत होतं. पण दोन प्रकारचं गप्प असतं, आणि ते डोळ्यांवरून ओळखायचं, हे मला बाईंनी सांगितलं. चाळीस पोरांतून त्यांनी ते टिपलं होतं.

त्या कागदाचं मी इंग्रजी केलं. ‘हातचा’ला अडखळले. ‘गप्प’ला तर फार अडखळले. शांत म्हणावं तर ते गुणासारखं वाटतं, मुकी म्हणावं तर दोषासारखं. शेवटी तीन वाक्यं लिहिली. थोरलीच्या प्रवेशाच्या वेळी डॉक्टरांचा कागद, नवीन जीपीनं दिलेला दम्याचा निळा पंप, त्याला जोडायची नळी म्हणजे स्पेसर, आणि हे पत्र असं सगळं शाळेत दिलं. तिकडे पालकांनी फॉर्मवर सही केली की मुलाच्या नावाचा एक पंप शाळेत ठेवतात. वर, २०१४ पासून शाळांना अडीअडचणीसाठी स्वतःचा पंपही ठेवता येतो.

पहिले पाच-सहा आठवडे थोरली वर्गात एक शब्द बोलली नाही. तिची शिक्षिका मला फाटकाशी धीर द्यायची. नवी भाषा कानावर पडायला लागली की पुष्कळ मुलं काही महिने अशी गप्प राहतात, ऐकून साठवत असतात, घरी मराठीतच बोला, मराठी सोडू नका. हे तिनं वारंवार सांगितलं आणि ते खरंच होतं. पण मला रात्री झोप लागायची नाही. सगळ्यांनी हिचं गप्प राहणं भाषेच्या खात्यात टाकलं, तर दम्याचं गप्प कुणाला कळणार?

फेब्रुवारीतला दिवस. दोन अंश तापमान, कोरडी थंडी, मैदानावर पळण्याचा तास. मी ड्यूटीवर होते, फोन आला. येऊन जा, आता बरी आहे, असं म्हणाले. मी पोहोचले तेव्हा थोरली ऑफिसातल्या एका मोठ्या खुर्चीत बसली होती, पाय अधांतरी, हातात पाण्याचा ग्लास, ओठांचा रंग ठीक. शेजारी वर्गातली मदतनीस बाई, पन्नाशीची. तिनं मला काय झालं ते सांगितलं. सगळी मुलं पळत होती, ही कुंपणाशी उभी राहिली. रोजच गप्प असते, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. मग तिला खांदे दिसले. जवळ जाऊन ती खाली वाकली आणि तिनं हिचे डोळे बघितले. डोळे जमिनीला चिकटलेले. तिनं काही विचारलं नाही, हिला आत नेलं, बसवलं, स्पेसर लावून एकेक पफ दिला.

तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पाकिटात माझं ते पत्र होतं. शेवटच्या तीन वाक्यांखाली कुणीतरी आधीच हिरव्या पेनानं रेघ मारून ठेवली होती. त्या बाईनं बोट ठेवून मला विचारलं, हे कुणी लिहिलं? मी सांगितलं, सांगलीतल्या तिच्या बाईंनी. तिनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं.

त्या रात्री मी बाईंना फोन केला. आपल्याकडे पहाट व्हायची होती, तरी केला. बाई आधी घाबरल्या, मग रडल्या, मग दुसऱ्याच क्षणी म्हणाल्या, “वजाबाकीचं काय म्हणतायत?”

काल शेजारची मुलगी पुन्हा आली, अर्जाचा फोटो काढून घ्यायला. पाऊस कोसळत होता, छत्री दारातच उघडी ठेवून ती आत आली. फोटो काढून झाल्यावर मी तिला विचारलं, “मुलांच्या बाईंना भेटलीस का गं?”

“दाखल्यासाठी अर्ज दिलाय की ऑफिसात.”

“दाखल्याचं नव्हे. बाईंना भेटलीस का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला प्लास्टिकच्या पाकिटातलं ते चौरेघी पान दाखवलं. उभ्या उभ्या तिनं ते वाचलं, मग बसली आणि परत वाचलं. “आमचा थोरला चिडला की नखं खातो,” ती म्हणाली, “एवढं मला माहितीय. शाळेत काय करतो, मी कधी विचारलंच नाही.”

“मग उद्या सकाळी शाळा भरायच्या आत जा,” मी म्हटलं. “पाणी असंच चढत राहिलं तर परवापासून शाळांना सुट्टी देतील.”